बर्फातले नमुने

१७ मार्च २०२४, महाड

सरांकडे गेले होते. एका नियतकालिकाने त्यांच्याकडे कोकणातल्या मेलिऑइडोसिसवर आढावा लेख मागितला आहे. हात इतका थरथरतो की त्यांना स्वतःची सही जमत नाही, म्हणून म्हणाले, "लिही तू. नाव तुझं आधी, माझं मागे." मी मान डोलावून मोकळी. डॉ. बिरवाडकरांना नाही म्हणायला मी अजून शिकलेली नाही, आणि आता चाळिशी उलटल्यावर शिकेन असं काही दिसत नाही.

आढावा लेख म्हणजे स्वतः काही न रांधता दहा घरची आमटी चाखायची आणि कुठलीत मीठ कमी ते सांगायचं. लोकांचे शोधनिबंध जमवा, ताडून बघा, शेवटी आपलं मत द्या. दिवसभर लॅबमध्ये लोकांची थुंकी आणि रक्त तपासायचं, वर हे. हौसेला मोल नाही.

रोग मात्र वाईट. जंतू मातीत आणि चिखलात असतो, पायाच्या भेगेतून शिरतो, मधुमेह असेल तर लवकर धरतो. दिसतो थेट टीबीसारखा. टीबीची औषधं चालू होतात आणि माणूस हातचा जातो. वेळेत ओळखला तर औषध आहे.

सरांचं नाव झालं ते याच रोगावरच्या पाहणीने, १९९४ साली. निष्कर्ष असा, की हा रोग किनाऱ्याकडे आहे, पोलादपूरच्या डोंगरात नाही. त्या पाहणीसाठी ते आंबेनळी घाटाच्या वर आमच्या चिरेमाचीला आले आणि आमच्या ओटीवर राहिले. मी त्यांच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवायचे. जाताना बाबांना म्हणाले, "ही पोर मला महाडला शिकायला द्या." डोंगरातून जंतू काही निघाला नाही, मी निघाले. सर हे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. मला लाजही वाटते आणि बरंही वाटतं.

२ एप्रिल

आज मसुद्याचे मुद्दे दाखवायला गेले, तर सरांना पाहणीची गोष्ट सांगायची लहर आली.

"नमुने मी स्वतः आणले, दर्शना. महाडच्या मासळी बाजारातून बर्फाच्या लाद्या भुशात गुंडाळून वर नेल्या होत्या. मातीच्या, रक्ताच्या, सगळ्या बाटल्या बर्फात रोवल्या आणि कोळंबीच्या पेट्यांना टेकून टेम्पोत बसलो. मुंबईपर्यंत एक बाटली कोमट होऊ दिली नाही." मग थांबले आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिले. "एकीतही काही उगवलं नाही."

मी म्हटलं, "सर, चहा निवतोय."

घरी येताना गांधारीच्या पुलावर एकदम लक्षात आलं. बर्फात! हा जंतू गारठ्यात तग धरत नाही. त्याचा नमुना बर्फात घालायचा नसतो, हे आज कुठलीही लॅब सांगेल. तेव्हा इकडे कुणाला ठाऊक नव्हतं. ताजी राहायला हवी ती वस्तू बर्फात, ही आपली मासळीची समज. म्हणजे डोंगरात जंतू नव्हता असं कुठे सिद्ध झालं? सरांनी तो जीव लावून, कोळंबीच्या शेजारी बसवून वाटेत मारला.

बिचाऱ्यांना याची कल्पनाही नाही. ऐंशीच्या घरातल्या माणसाला, तुमची आयुष्याची कमाई बर्फात विरघळली, हे मी सांगायचं? माझ्याने होणार नाही.

२६ मे

लेख अर्धा झाला. सगळं सुरळीत, फक्त पोलादपूरच्या वाक्याशी अडते. पहिल्यांदा लिहिलं: 'डोंगराळ भागात रोग आढळत नाही.' खोडलं. मग: 'आढळलेला नाही.' हे खोटं नाही. शोधायच्या आधीच मेला तर आढळणार कुठून. स्वतःवर खूश होऊन आमरस खाल्ला.

१२ ऑगस्ट

दादाला ताप. वहिनीचा फोन आला की भाताच्या आवणीनंतर अंगात कणकण होतीच, आता धाप लागते. चांगूदादाला मधुमेह आहे आणि गोळ्या घेतो मनाला येईल तेव्हा. जीप करून खाली आणला, इथे महाडला ओळखीच्या डॉक्टरांकडे भरती केला. फोटोत छातीत डाग. डॉक्टर म्हणाले, टीबीच वाटतो. मी रक्त स्वतः काढलं. पायाच्या बोटांत चिखल्या इतक्या झाल्यात की मांस दिसतंय.

१६ ऑगस्ट

उगवला. प्लेटवर सुकलेल्या, सुरकुतलेल्या वसाहती, थंड दुधावरच्या सायीसारख्या. लेखासाठी इतके फोटो पाहिलेत की पाहताच ओळखला. आधी हात धुतले, मग खुर्चीत बसून रडले. भावाच्या रक्तात तो उगवला म्हणून की सरांच्या पाहणीला उत्तर मिळालं म्हणून, देव जाणे.

डॉक्टरांना सांगून लगेच औषध बदललं.

२९ ऑगस्ट

दादाचा ताप उतरला. नाचणीची भाकरी मागतोय, म्हणजे माणूस जागेवर आला. दक्षिणेतल्या एका मोठ्या लॅबला जंतू पाठवला होता, त्यांनीही तोच असल्याचं कळवलं.

मी दादाला म्हटलं, हे छापायला हवं. नाव नाही येणार, फक्त गाव.

तो उठूनच बसला. "गावाचा नाव? खुळी झालीस काय गो? घाटातली हाटेलं आमचा दूध घेतात. चिरेमाचीच्या चिखलात रोग हाय म्हटल्यावर घेतील? आन आपल्या पोरीला, रेश्माला बघायला मान्सं यायची हायत दिवाळीत."

"पण दुसऱ्या कुणाला झाला तर?"

"तू हायस ना खाली."

रेश्माचं लग्न ठरू दे. सरांचंही वय झालंय. दोन्ही गोष्टी सांभाळून नंतर सवडीने स्वतंत्र लिहीन. झाकली मूठ सव्वा लाखाची.

दादासाठी गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घेतले. कुणी विचारलं तर साप म्हणून सांग, असं त्यानेच सुचवलं.

८ सप्टेंबर

गणपतीचे मोदक घेऊन सरांकडे. त्यांनी सहज विचारलं, "यंदा पावसाळ्यात काही वेगळं उगवलं का गं प्लेटवर?"

"नाही सर. नेहमीचंच."

"डोंगरातून कुणी आलं नाही?"

"नाही."

मग पुन्हा ती बर्फाची गोष्ट पहिल्यापासून, भुशासकट आणि कोळंबीसकट. मी मनात अंकलिपी म्हणत ऐकली. म्हातारपणी माणसाची तबकडी एकाच जागी अडकते.

२१ ऑक्टोबर

लेख पाठवला. संदर्भांची यादी नियतकालिकाच्या पद्धतीने लावताना डोळ्यांचं पाणी झालं. कुठे पूर्णविराम, कुठे स्वल्पविराम, यावर त्यांचा सगळा धर्म उभा. बरोबरच्या पत्रात 'या विभागातला पहिलाच सर्वंकष आढावा' असं लिहिलं. सर्वंकष हा शब्द लिहिताना जरा थबकले, पण मग बटण दाबलं.

१९ जानेवारी २०२५

दोन परीक्षकांचे अभिप्राय आले. पहिला गोड आहे. दुसरा खत्रूड. त्याचा सातवा मुद्दा असा: 'रायगडच्या आतल्या डोंगराळ भागात रोग आढळलेला नाही, या विधानाला एकच जुना आधार आहे. त्या पाहणीत नमुने कसे नेले याचा उल्लेख नाही. लेखकांनी खुलासा करावा.'

कोण कुठला माणूस, नाव-गाव माहीत नाही, आणि नेमकं दुखऱ्या जागी बोट.

२३ जानेवारी

अभिप्राय सरांना वाचून दाखवले. सातवा टाळणार होते, पण त्यांनी कागद मागून घेतला आणि भिंग लावून सगळा वाचला. मला वाटलं, आता चिडतील. चिडले नाहीत. "प्रश्न चांगला आहे," एवढंच म्हणाले. मग म्हणाले, "उत्तर तू दे. तुला योग्य वाटेल ते. मी एक अक्षर बदलणार नाही."

"तुमची पाहणी आहे सर. तुम्ही सांगाल तसं—"

"बाटल्या मी बर्फात आणल्या होत्या, दर्शना."

"हो सर, माहीत आहे. किती जपून आणल्या होत्या तुम्ही."

त्यांनी डोळे मिटले. दमले असावेत. मी पांघरूण घालून निघाले. किती विश्वास टाकलाय या माणसाने माझ्यावर! तो मोडायचा नाही.

२ फेब्रुवारी

परीक्षकांना उत्तर देणं ही स्वतंत्र कला आहे. आधी आभार मानायचे, मग स्तुती करायची, मग टोलवायचं. सातव्या मुद्द्याला लिहिलं: 'या मार्मिक सूचनेबद्दल आम्ही ऋणी आहोत. नमुन्यांची वाहतूक त्या काळच्या प्रचलित पद्धतीने, पूर्ण काळजी घेऊन केली होती.'

एकेक शब्द खरा आहे. तरी पाठवून झाल्यावर जेवण गेलं नाही.

रेश्माचं जमलं. मुलगा हिरकणीवाडीचा आहे, रायगडाखाली त्यांची खानावळ आहे. लग्न वैशाखात.

१४ मे

लेख प्रसिद्ध झाला. पेढे घेऊन धावतच गेले. सरांनी छापील प्रत मांडीवर घेतली आणि सरळ ते पान काढलं. पोलादपूरचं वाक्य भिंगाखाली बराच वेळ धरलं. मग प्रत पालथी घालून बाजूला ठेवली.

"छान झालंय," म्हणाले.

पेढा हातात दिला, तो त्यांनी तसाच बशीत ठेवला. साखर वाढली असेल. विचारायला हवं त्यांच्या मुलाला.

६ जुलै

चिरेमाचीला जाऊन आले. आवणीला मुंबईची सगळी माणसं वर आलीत. शेजारच्या चिमाकाकीची सून अपेक्षाही आली आहे. लग्नानंतर तिसराच पावसाळा, पण आवणात वाडीतल्या बायकांना हार जात नाही. बाळंतपणात तिला साखरेचा आजार लागला तो गेलाच नाही. पदर खोचून, अनवाणी, पोटरीभर चिखलात उभी होती. दादा बांधावरून बूट घालून आला तशी ओरडली, "चांगूकाका सायब झाला रे! आता टाय पन लाव!"

सगळं शेत हसलं. दादा म्हणाला, "साप लय झालेत औंदा." मीही हसले. तिला म्हटलं, "तूपण घाल काहीतरी पायात." म्हणाली, "बूट घालून आवन लावतात काय ताई? पाय निघंल काय चिखलातून?"

मी आग्रह केला नाही. काय म्हणून करणार होते?

३ ऑगस्ट

अपेक्षाच्या नवऱ्याचा, पियुषचा मुंबईहून फोन. अपेक्षाला चार-सहा दिवस ताप होता, परवापासून इस्पितळात आहे. छातीत डाग. टीबीचं औषध चालू केलंय. "पण ताई, ती मला वळखत नाय सकालपासून. तुम्ही बोला ना डाक्तरशी, प्लीज."

डॉक्टर तरुण होता, बोलायला नम्र. मी नाव सांगितलं तर म्हणाला, "अरे, मॅडम तुम्ही! तुमचाच लेख वाचला मी परवा. शेतात काम केलेली, मधुमेह असलेली पेशंट, म्हणून मला मेलिऑइडोसिसचा संशय आला होता. आमच्या लॅबमध्ये काहीतरी उगवलंही, पण ते म्हणाले नमुन्यात बाहेरून शिरलेलं असेल. मग गाव विचारलं, पोलादपूरच्या वरचं. लेखात बघितलं तर तिथे हा रोग नाही असं तुम्ही स्पष्ट लिहिलंय. मग टीबीवर आलो."

आढळलेला नाही आणि नाही, यांतला फरक त्याला दिसला नाही. मी तो कुणाला दिसू नये असाच लिहिला होता.

"औषध बदला," मी म्हटलं. "आत्ता. लेखातलं सोडून द्या, तिथे आहे हा रोग."

"पण मॅडम, आधार काय?"

"माझा भाऊ."

मग म्हणाला, "बदलतो."

५ ऑगस्ट

अपेक्षा सकाळी गेली. लॅबने आज तो जंतू पुन्हा तपासला. तोच निघाला.

वर न्यायला गाडी केली आहे असं पियुष म्हणाला. मी महाडच्या नाक्यावर जाऊन उभी राहिले. गाडी थांबली नाही. थांबायचं काही कारणही नव्हतं.

९ ऑगस्ट

आज सरांना सगळं सांगितलं. दादाचं, लेखाचं, अपेक्षाचं. बर्फाचं तेवढं राहिलं.

सरच म्हणाले, "बर्फाने मेले नमुने. हो ना?"

"तुम्हाला माहीत होतं?"

"बरीच वर्षं झाली. एका परिषदेत कुणीतरी भाषणात सांगितलं, याचे नमुने थंड ठेवू नका. मी मागच्या रांगेत बसलो होतो. उठून माझी पाहणी चुकली असं सांगावं, एवढंच करायचं होतं. नाही उठवलं."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं की. किती वेळा सांगितलं! म्हटलं, ही हुशार आहे, हिच्या लक्षात येईल आणि ही लिहील. म्हणून तुझं नाव आधी घातलं."

"लक्षात पहिल्या दिवशीच आलं होतं सर. मी तुम्हाला जपत होते."

त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. हात थरथरतो म्हणून पुसताही येईना. मी पुसलं नाही. मला राग आला होता, त्यांचा आणि माझा, आणि कुणाचा जास्त ते कळत नव्हतं. आम्ही दोघं एकमेकांना तळहातावरच्या फोडासारखं जपत बसलो आणि पोर चिखलात उभी होती.

मग सर म्हणाले, "दुरुस्ती पाठव. माझ्या तोंडचं वाक्य घाल. नमुने बर्फात आणले होते. सबब १९९४ चा निष्कर्ष कुणीही ग्राह्य धरू नये." सबब या शब्दावर त्यांचा आवाज एकदम पूर्वीसारखा, वर्गातल्यासारखा झाला.

१० ऑगस्ट

दुरुस्ती लिहिली. दोन रुग्ण, एक वाचला, एक गेली. आढावा लेखाला वर्ष लागलं, हे दोन परिच्छेद दुपारच्या जेवणाआधी झाले. पाठवायच्या आधी वाडीत जाऊन सांगायला हवं. छापून आल्यावर त्यांना कळणं, हे पुन्हा तेच होईल.

१७ ऑगस्ट, चिरेमाची

अपेक्षाचं तेरावं म्हणून आले. दादाला सांगितलं की गावाचं नाव जाणार. तो खाली बघून म्हणाला, "घाल आता." रेश्मा तिच्या घरी गेली आहे. दुधाचं तो काही बोलला नाही.

मग चिमाकाकीला आमच्याच ओटीवर बोलावलं. तिचं घर माणसांनी भरलेलं होतं. वहिनीने चहा दिला, तो दोघींपुढे तसाच राहिला. काकीने स्वतःच विचारलं, "पियुष सांगत होता, पुस्तकात लिवलंय म्हनं, आपल्या डोंगरात ह्यो रोग नाय. मंग आमची पोर कशानं गेली गो?"

"त्याच रोगानं, काकी. तो इथे आहे. आपल्या आवणाच्या चिखलात आहे. पुस्तकात मी चुकीचं लिहिलं."

"तुला म्हाईत नव्हता?"

पळवाट तिनेच पुढे केली होती. नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं.

"माहीत होता. गेल्या साली दादाला झाला होता. तो वाचला."

काकीची नजर माझ्यावरून ओटीच्या कोपऱ्यात गेली. तिथे दादाचे बूट उलटे करून वाळत घातले होते. ती त्यांच्याकडे बघत राहिली.

"म्हंजे ते सापासाठी नव्हतं," ती म्हणाली.

मग गुडघ्यावर हात टेकून उठली आणि घरी गेली. वहिनीने कप उचलले. पाऊस थांबला आहे, पण आज रात्री इथेच राहावं लागेल, घाटात दरड आली आहे.